पोराचं कर्ज, घरचं वावर

[दृश्य : महामार्गावरून गावाकडे वळणारा रस्ता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी.]

नागपूरहून हैदराबादला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हिंगणघाट, वडनेर मागे टाकून यवतमाळ जिल्ह्यात येतो आणि पांढरकवड्यावरून पैनगंगेपलीकडे तेलंगणात उतरतो. २०२०च्या उन्हाळ्यात या रस्त्यावरून माणसं पायी गेली. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. त्याच दिवसांत या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात पंचविशीतला एक मुलगा पुण्याजवळच्या चाकणहून घरी आला. आयटीआय झालेला फिटर, ठेकेदाराकडून कारखान्यात कामाला. सोबत एक बॅग, एक मोबाइल, आणि घरात कुणालाच ठाऊक नसलेलं ३ लाख ४२ हजारांचं देणं.

ही हकिकत त्याच्या आईवडिलांची. नावं आणि गाव सांगत नाही, त्या घराची तशी इच्छा आहे.

[दृश्य : बंद जिनिंगचं फाटक. घरात साठवलेला कापूस.]

चाकणमध्ये मंदी कोरोनाच्या आधीच पोचली होती. ऑगस्ट २०१९मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या मानानं सुमारे ३१ टक्क्यांनी पडली. गाड्या खपेनात तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्यांनी आधी ओव्हरटाइम बंद केला, मग पाळ्या कमी केल्या. या मुलाला ओव्हरटाइम धरून चौदा हजार मिळायचे आणि त्याचे सगळे हप्ते त्या चौदा हजारांवर बसवलेले होते. ओव्हरटाइम गेला, हप्ते तेवढेच राहिले. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन पहिल्या सरकारी अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसलं. ठेकेदाराचा फोन लागेनासा झाला.

इकडे गावातही पैसा अडकलेला. कापसातून सरकी काढणारं जिनिंग बंद, सरकारी खरेदी थांबलेली. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता, पण खेडा खरेदीवाला त्याहून बराच कमी भाव सांगत होता. बापाचा कापूस घरातच पडून होता. म्हणजे मुलगा घरी आला तेव्हा त्याला सावरायला हवा तो पैसा समोर दिसत होता, पण हाती नव्हता.

पहिले दोन-तीन आठवडे कुणी काही विचारलं नाही. थकून आला असेल, झोपू द्या. मोबाइल बंद ठेवायचा, रात्री चालू करायचा. मग एके दिवशी त्याच्या मामाला फोन आला. तुमचा भाचा चोर आहे, त्यानं पैसे बुडवले, तुमचा नंबर त्यानंच दिला. मामानं बहिणीला विचारलं. आणि त्या रात्री मुलगा आईपाशी बोलला. आईनं विचारलेला प्रश्न एकच होता : "कायले लपवून ठेवलं रे बाबू? आमी मेलो होतो का?"

का लपवलं, याचं उत्तर इथल्या कर्जाच्या इतिहासात आहे असं मला वाटतं. या भागात कर्ज ही नवी गोष्ट नाही. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचं कर्ज, बँकेचं पीक कर्ज, २०१७ची कर्जमाफी, २०१९ची कर्जमुक्ती यांवर पारावर उघड बोलणं होतं. कुणाचं नाव यादीत आलं, कुणाचं राहिलं, हे सगळ्या गावाला माहीत असतं. १ जुलै २००६ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ते आजही लोकांना आठवतं. पण पगारदार पोराच्या कर्जाला यादी नाही, माफी नाही, मोर्चा नाही. पोरगा पुण्याला कमावतो, ही घराची मान. ती मान खाली जाऊ नये म्हणून त्यानं एका अ‍ॅपचं देणं दुसऱ्या अ‍ॅपच्या पैशानं भागवलं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. बापाच्या कर्जाला निदान आभाळावर बोट ठेवता येतं. पोराला फक्त स्वतःवर ठेवता येत होतं.

आणि म्हणूनच त्या माउलीनं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. फवारणीची सगळी औषधं तिनं पोत्यात भरली आणि दिराच्या कोठ्यात नेऊन कुलूप लावून ठेवली. कुणाला काही बोलली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस पोराला एकट्याला वावरात जाऊ दिलं नाही, बहाणे काढून कुणी ना कुणी सोबत राहिलं.

[दृश्य : ओसरी. शाळेची जुनी वही, रेघा मारलेली पानं.]

मग वही निघाली. मुलीच्या दहावीच्या वहीतली उरलेली पानं. बाप सातवी शिकलेला, पण सोसायटीचे आकडे आयुष्यभर सांभाळलेला माणूस. त्यानं रकाने पाडले : कुणाचं, किती घेतलं, हातात किती आलं, आता किती मागतात, आणि सही कुणाची.

बाइकचे ४६ हजार. एका फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज, १ लाख २० हजार. बहिणीच्या लग्नाच्या वेळी तिकडच्या पतसंस्थेतून काढलेले ८० हजार. मित्रांकडून हातउसने ३५ हजार. आणि सहा मोबाइल अ‍ॅप मिळून मागत होते ६१ हजार.

अ‍ॅपच्या ओळीपाशी बाप अडकला. पाच हजारांचं कर्ज, हातात आले साडेतीन हजार, सात दिवसांत परत करायचे पूर्ण पाच हजार. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार, म्हणजे शेकडा जवळपास ४३. गावातला सावकार महिन्याला शेकडा पाच घेतो म्हणून ज्याला आपण शिव्या देतो, तो यापुढे काहीच नाही. बापानं आकडा दोनदा मांडून पाहिला आणि मग म्हणाला, "हे कर्ज नाही बाबू, ही लूट हाय." मुलाला या एका वाक्यानं किती आधार मिळाला, ते तो आजही सांगतो. तोवर त्याला वाटत होतं की अक्कल फक्त त्याचीच कमी पडली.

शेवटचा रकाना, सही कुणाची, हा सगळ्यात कामाचा निघाला. कायद्यानं सज्ञान मुलाच्या कर्जाला आईबाप आपोआप जबाबदार ठरत नाहीत. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तरच ठरतात. वसुलीवाला फोनवर "बापाच्या नावावर बोजा चढवू" म्हणतो, पण बापाची सही नसेल तर ती नुसती धमकी असते. जामीनदाराचं तसं नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. पतसंस्थेच्या कर्जाला मुलाच्या एका मित्राची सही होती, आणि तो मित्र अजून चाकणला कामावर होता. बाप म्हणाला, पहिले हे. आपल्यापायी दुसऱ्याच्या पोराचा पगार कापला जाऊ नये. मला हा त्या घराचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो, कारण मोठ्यानं ओरडत होते अ‍ॅपवाले, आणि भीतीपोटी माणूस ओरडणाऱ्यालाच आधी देतो.

पण हाच बाप पुढच्या महिन्यात जमीन लिहून द्यायला निघाला होता. पाच एकरांतले दोन एकर. सावकारानं सांगितलं, गहाणखत नको, सरळ खरेदीखत करू, पैसे आले की वावर परत तुझ्या नावावर. विदर्भात अशी कितीतरी वावरं परत आलेली नाहीत. त्यासाठीच २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात तरतूद आहे : विनापरवाना सावकारीतून लिहून घेतलेल्या जमिनीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते, आणि गेल्या पंधरा वर्षांतला तसा व्यवहार चौकशीत सिद्ध झाला तर जमीन परत मिळू शकते. मात्र ती लढाई वर्षानुवर्षं चालते.

ही लढाई त्या घराला लढावी लागली नाही, कारण आईनं सही दिली नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि १९९२मध्ये सरकारनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली, तेव्हा या भागातल्या काही घरांत ती नावं लागली. बापानं लग्नानंतर हौसेनं लावलेलं ते नाव इतक्या वर्षांनी असं आडवं आलं. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी इकसाल त पोरगा आयुष्यभर तोंड वर करनार नाही. अन् आपन खायचं काय?"

पीक कर्जाचा पैसाही तिकडे वळवायचा नाही, हेही ठरलं. वेळेवर फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून त्यावर व्याज लागत नाही. ते थकलं असतं तर पोरासोबत बापही थकबाकीदार.

मग पैसा आला कुठून? आधी पोराच्याच हक्काचा. मार्च २०२०मध्ये भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम काढायची मुभा मिळाली होती. त्यातून २७ हजार निघाले. दुसरी गोष्ट फारच कमी लोकांना माहीत होती. ज्याच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापली जायची, त्याची नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून भत्ता मिळायची सोय तेव्हा होती. २४ मार्च २०२०पासून तो सरासरी मजुरीच्या निम्मा, ९० दिवसांपर्यंत, असा वाढवला होता. यवतमाळच्या एका ओळखीच्या कामगारानं सांगितलं म्हणून अर्ज झाला. कागदपत्रांना वेळ गेला, पण २१ हजार खात्यात आले. बाइक कंपनीच्या परवानगीनं विकली. ओढून नेली असती तर लिलावात कमी किंमत आली असती आणि राहिलेली रक्कम डोक्यावर उरलीच असती. बाइकचं खातं मिटलं, मित्रांचे हातउसने फिटले.

अ‍ॅपचं काय केलं? सहाही अ‍ॅपमागे कोणती वित्त कंपनी आहे ते शोधलं. एकामागे रिझर्व्ह बँकेत नोंदणी झालेली कंपनी निघाली, तिचे पैसे दिले. बाकी पाचांमागे कुणाचंच नाव नव्हतं. मुलाचा फोटो खराब करून नातेवाइकांना पाठवला तेव्हा बाप पोराला घेऊन पोलिसांत गेला, ऑनलाइन तक्रारही केली. आणि त्याआधी त्यानं आणखी एक गोष्ट केली : सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना स्वतः फोन लावला. पोराची नोकरी गेली, तो फसला, असे फोन येतील, ऐकू नका. बदनामीची भीती हेच अ‍ॅपवाल्यांचं तारण होतं. ते बापानं काढून घेतलं. २३ डिसेंबर २०२०ला रिझर्व्ह बँकेनंही अशा अ‍ॅपबाबत लोकांना सावध केलं. हळूहळू फोन थांबले.

[दृश्य : निंदण. डवरणी. कापूस वेचणी.]

पोरगा त्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर गेला, २३८ रुपये रोजानं. गावात बोलणं झालं. आयटीआय करून माती उपसतो. बापानं त्याच्याशेजारी उभं राहून माती उपसली. घरात एक नियम होता : जेवताना कर्जाचा विषय काढायचा नाही, आणि वही फक्त अमावास्येला उघडायची. रोज रोज हिशेब विचारला तर पोरगा खचेल, हे आईचं म्हणणं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथं आईबाप पैसा सगळा देतात आणि प्रत्येक घासाला तो आठवून देतात. तिथली पोरं घर सोडून जातात.

२०२०चा खरीप वाईट गेला, बोंडसड आणि बोंडअळी. पण पुढच्या हंगामात, जानेवारी २०२२च्या सुमारास, कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. वेचणीला मजूर कमी लावले, घरच्यांनीच वेचला. त्या चुकाऱ्यातून पतसंस्थेचं खातं बंद झालं. बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नाही असा, दाखला त्याच दिवशी मागून घेतला आणि मित्राला त्याचा फोटो पाठवला. असा भाव दरवर्षी मिळत नाही, नंतर तो उतरलाच. हे नशीब होतं, आणि ते कामी आलं कारण तोवर वावर शाबूत होतं.

[पडद्यावर क्रमांक.]

लिहून घ्या. मोबाइलवरून फसवणूक झाली तर १९३०. बँक किंवा वित्त कंपनीबद्दल तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८. मन फार खचलं असेल, स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं, तर टेलिमानस, १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं. वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही.

मुलगा आता नागपूरजवळ बुटीबोरीला कामाला आहे, पगार चाकणपेक्षा थोडा कमी. फायनान्स कंपनीनं कमी पैशांत तडजोड सुचवली होती, पण सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत तडजोड झाल्याचा शेरा राहतो म्हणून त्यानं पूर्ण फेडायचं ठरवलं. ते हप्ते अजून चालू आहेत, तोच भरतो. खोलीपासून कारखाना लांब आहे, त्यामुळे त्याला परत बाइक घ्यायची आहे, हप्त्यावर. बाप म्हणतो घे, कामासाठीच आहे. आई म्हणते जुनी घे, रोखीनं, तोवर बसनं जा. आमचं चित्रीकरण संपलं तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.