जायफळाची बेटं

श्रोतेहो, नमस्कार.

तान्ह्या बाळाची गुटी करताना सहाणेवर जायफळाचे दोन वेढे द्यायचे, की तो गोडसर, ऊबदार वास खोलीभर पसरतो. माझ्या आजोळी नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाचं झाड होतं. फळ पिकलं की पिवळं होतं आणि उभं तडकतं. आत लालभडक जायपत्री, जाळीसारखी कवचाला घट्ट धरून बसलेली. ती अलगद सोडवून सुपात वाळत घालायची. कवच फोडलं की जायफळ.

अठराव्या शतकापर्यंत जगाला हे जायफळ एकाच ठिकाणाहून मिळत असे. आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू भागात बांदा नावाची काही चिमुकली बेटं आहेत, तिथून. आज मला त्या बेटांबद्दल बोलायचं आहे.

युरोपीय लोक समुद्रमार्गाने पूर्वेकडे का आले, याचं उत्तर शाळेत आपण पाठ केलेलं असतं: १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि खुष्कीचा मार्ग बंद झाला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. त्यानंतरही मसाला अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला पोचतच होता. पण वाटेत तो अनेक हातांतून जाई आणि प्रत्येक हाताबरोबर भाव चढे. ते मधले हात टाळून थेट मळ्यापर्यंत पोचायचं, ही खरी ओढ होती. जोडीला धर्मप्रसाराची ईर्षा आणि जहाजावर चढवलेल्या तोफा. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का, आणि पुढच्याच वर्षी त्यांची जहाजं बांदाला लागली.

बांदाच्या लोकांना परके व्यापारी नवे नव्हते. जावाचे, अरबस्तानाचे, गुजरातचे व्यापारी पूर्वीपासून येत होते. बेटांवर राजा नव्हता. 'ओरांग काया' म्हणजे गावोगावचे प्रतिष्ठित लोक कारभार पाहत. जमीन थोडी, तीही जायफळाखाली. त्यामुळे तांदूळ आणि साबुदाण्यासारखा सागो बाहेरून आणावा लागे.

१६०२ साली स्थापन झालेल्या डच कंपनीने इथेच त्यांना कोंडीत धरलं. जायफळ फक्त आम्हालाच विका, आम्ही ठरवू त्या भावाने, असे करार तिने करून घेतले. पण तांदूळ आणणाऱ्या जावाच्या व्यापाऱ्याला जायफळ द्यायचं नाही, तर घरात चूल पेटायची कशी? करार मोडले जाणारच होते, आणि ते मोडले.

कंपनीचा गव्हर्नर जनरल होता यान पीटरझोन कून. व्यापार आणि युद्ध एकमेकांवाचून चालत नाहीत, असं त्याने १६१४ सालीच कंपनीच्या संचालकांना कळवलं होतं. १६२१ साली तो आरमार घेऊन बांदावर चालून आला. ८ मे रोजी नेइरा बेटावर भाडोत्री जपानी सैनिकांनी ४४ ओरांग कायांची मुंडकी उडवली. गावं जाळली गेली. डोंगरांत पळालेले उपासमारीने मेले, शेकडो लोकांना गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेलं. इतिहासकारांच्या अंदाजाने मोहिमेपूर्वी बेटांवर सुमारे १५,००० माणसं होती. नंतर उरली जेमतेम १,०००.

मग कंपनीने जायफळाच्या बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला दुसरीकडून गुलाम आणले. बी कुठे रुजू नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून पाठवली जात. याच कंपनीची वखार पुढे आपल्या वेंगुर्ल्यात होती. तिचे पडके अवशेष पाहायला जाल तेव्हा बांदाची आठवण ठेवा, एवढी माझी विनंती आहे.

मक्तेदारी कायम टिकली नाही. १७७०च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने रोपं मॉरिशसला नेली, पुढे इंग्रजांनी पिनांग आणि श्रीलंकेत लावली. आज जायफळ पुष्कळ ठिकाणी पिकतं.

आणि बांदाचे लोक? जे होड्यांतून निसटले, त्यांतले काही दूर केई बेटांवर पोचले. तिथे त्यांनी वसवलेल्या गावांना नावं दिली, बांदा एली आणि बांदा एलात. बांदा बेटांवर आज त्यांची मूळ भाषा कोणी बोलत नाही. केईतल्या या दोन गावांत ती अजून बोलली जाते.

नमस्कार.