नगरचा भुईकोट: एका तटाआडची पाच शतके

श्रोतेहो, नमस्कार. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कडा, माची आणि दमछाक करणारी चढण उभी राहते. आज ज्या किल्ल्याविषयी मी बोलणार आहे, त्याच्यापाशी यांतले काहीच नाही. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या शहराच्या पूर्वेला भिंगारच्या वाटेवर सपाट जमिनीत हा भुईकोट उभा आहे. डोंगराचा आधार नसल्यामुळे त्याची सारी भिस्त तटावर आणि भोवतालच्या रुंद खंदकावर होती. तट वाटोळा, थोड्या थोड्या अंतरावर बुरूज. त्यामुळे एका बुरुजावर चालून येणारा शत्रू शेजारच्या बुरुजांच्या माऱ्यात आपोआप सापडे.

१४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात निजामशाहीची राजधानी वसवली. पहिला कोट मातीचा होता. १५५९च्या सुमारास हुसेन निजामशहाने दगडी बांधकाम हाती घेतले आणि आतल्या महालांसह किल्ला राजाच्या निवासाला साजेसा झाला.

या तटाची खरी परीक्षा १५९५-९६च्या वेढ्यात झाली. शहाजादा मुराद मुघल फौज घेऊन आला आणि त्याच्या लोकांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्यांना काही सुरुंगांचा सुगावा लागला, त्यांतली दारू त्यांनी काढून टाकली. पण एक उडालाच आणि तटाला मोठे खिंडार पडले. लोक मागे हटू लागले तेव्हा चाँदबिबी बुरखा घेऊन, हातात तलवार धरून स्वतः खिंडारापाशी येऊन उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रात्रीतून खिंडार बुजवून काढले. अखेर वऱ्हाड देऊन तह करावा लागला, तरी किल्ला हातचा गेला नाही. पुढे १६०० मध्ये तो पडला तो चाँदबिबीचा तिच्याच माणसांनी घात केल्यानंतर. नगरच्या इतिहासातले हे पान मला आजही अस्वस्थ करते.

त्यानंतर किल्ला मुघलांकडे गेला, १७५९ मध्ये पेशव्यांकडे आणि १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे. इथे त्याच्या वापराने एक वळण घेतले, त्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शिंद्यांनी नाना फडणविसांना पकडून ठेवले ते याच किल्ल्यात. बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी बांधलेला तट आतल्याला बाहेर जाऊ न देण्याच्या कामी आला, आणि पुढची दीडशे वर्षे त्याच्याकडून हे काम पुन्हा पुन्हा घेतले गेले. १२ ऑगस्ट १८०३ रोजी किल्ला जनरल वेलस्लीच्या हाती पडला. इंग्रजी अमलात नगर हे लष्कराचे मोठे ठाणे झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत पकडलेले बोअर कैदी इथे आणून ठेवण्यात आले.

मग ऑगस्ट १९४२ उजाडला. ‘चले जाव’च्या ठरावानंतर ९ तारखेच्या पहाटे मुंबईत पकडलेले काँग्रेसचे नेते खास आगगाडीने नगरला आणले गेले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी कार्यकारिणीची बारा माणसे आतल्या बराकीत राहू लागली. १९४३च्या एप्रिलमध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्याची बातमी आझादांना याच भिंतींआड मिळाली. त्यांनी इथे लिहिलेल्या पत्रांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे उर्दू पुस्तक झाले. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्यांनी ‘चीता खान’ असे नाव दिले होते. निजामशाहीतल्या एका हबशी सरदाराचे ते नाव. चाँदबिबीचा काळ त्या कैद्यांच्या बोलण्यात असा जिवंत होता.

नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ १९४४ मध्ये, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत इथेच लिहिला. त्याच्या आरंभीच्या पानांत त्यांनी एक हकिगत सांगितली आहे. बराकीपुढच्या अंगणात फुलझाडे लावावीत म्हणून ते कुदळ घेऊन खणू लागले. जमीन वाईट, दगडगोट्यांची, पडलेल्या बांधकामाच्या राबिटाने भरलेली. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, गाडल्या गेलेल्या इमारतींचे माथे लागले आणि एका ठिकाणी भिंतीवर, बहुधा दाराच्या वर, सुबक कोरलेले कमळ दिसले. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना ही खणाखणी पसंत पडली नाही आणि त्यांना फार खोल जाता आले नाही.

स्वातंत्र्यानंतरही किल्ला लष्कराकडेच राहिला. नेते राहिले त्या खोल्या जपलेल्या आहेत आणि लोक त्या आदराने पाहतात. किल्ला सतत कुणाच्या तरी उपयोगाचा राहिला म्हणूनच त्याचा तट आज धड आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ओस पडलेल्या गढ्यांचे दगड गावोगावच्या घरांच्या पायांत गेलेले आपण पाहतोच. पण त्याच उपयोगामुळे सामान्य माणसाला आत जाण्याची मोकळीक राहिली नाही, हेही तितकेच खरे आहे. लष्कर आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून त्या अंगणाचे शास्त्रशुद्ध उत्खनन करावे आणि नेहरूंच्या कुदळीला लागलेला तो कमळाचा दरवाजा कोणत्या महालाचा होता हे शोधावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे. नमस्कार.