लिनक्स लॅपटॉपवर वायफाय हळू चालते तेव्हा

मित्रहो, लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर वायफाय हळू चालते, ही तक्रार नागपुरात मी वारंवार ऐकतो आणि प्रत्येक वेळी माझा पहिला प्रश्न एकच असतो : हळू म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत हळू? लॅपटॉपपासून घरातल्या राउटरपर्यंतचा एक टप्पा, राउटरपासून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या केंद्रापर्यंतचा दुसरा आणि तिथून पुढे दूरच्या सर्व्हरपर्यंतचा तिसरा. लिनक्सचा, वायफाय कार्डाचा आणि ते कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचा संबंध यांतल्या फक्त पहिल्या टप्प्याशी येतो. ब्राउझरमध्ये वेग मोजणारी संकेतस्थळे मात्र तिन्ही टप्पे एकदम मोजतात, त्यामुळे त्यांनी दाखवलेल्या एका आकड्यावरून दोष कुणाचा हे कधीच ठरत नाही. तरीही बहुतेक जण तेवढ्यावरूनच निष्कर्ष काढतात आणि कुठेतरी वाचलेली आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, चिकटवतात. आज मला आग्रहाने सांगायचे आहे ते हे की, टप्पा निश्चित होईपर्यंत लॅपटॉपमधली एकही सेटिंग बदलू नये.

टप्पा निश्चित करणे अवघड नाही. ‘आयपी रूट’ ही आज्ञा दिली की ‘डीफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे राउटरचा पत्ता दिसतो; घरगुती राउटरांत तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. त्या पत्त्याला ‘पिंग’ करत राहा, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहा. एकाच खोलीत बसून उत्तरे दोन-पाच मिलिसेकंदांत येत असतील, तर पहिला टप्पा बहुधा निरोगी आहे. तीच उत्तरे कधी ३, कधी ९०, कधी २०० मिलिसेकंदांनी येत असतील किंवा मधली काही गहाळ होत असतील, तर दोष घरातच आहे आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करण्यात अर्थ नाही. याहून पक्की मोजणी हवी असेल, तर दुसरा एखादा संगणक लॅन केबलने राउटरला जोडून त्यावर आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम ‘आयपर्फ३ उणे एस’ असा चालवावा आणि लॅपटॉपवरून ‘आयपर्फ३ उणे सी’ लिहून त्या संगणकाचा पत्ता द्यावा. शेवटी मोठा ‘आर’ जोडला की उलट दिशेचा वेगही मोजला जातो. हे मोजमाप करताना इंटरनेट बंद असले तरी चालते, इतके ते स्वच्छ आहे. एक गोष्ट जाता जाता सांगतो : जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डाउनलोडचा वेग पुष्कळदा मेगाबाइटमध्ये दिसतो. १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच देणार. तेवढी मिळत असेल, तर तक्रारीला जागाच नाही.

पहिलाच टप्पा हळू आहे असे दिसले, की पुढची आज्ञा ‘आयडब्ल्यू डेव्ह’, त्यापुढे आपल्या वायफाय इंटरफेसचे, म्हणजे लिनक्सच्या लेखी वायफाय कार्डाचे, नाव आणि शेवटी ‘लिंक’. नाव डब्ल्यूएलपी३एस० असे काहीसे असते. या आज्ञेच्या उत्तरात जेमतेम दहा-बारा ओळी असतात, पण दोषाचा निम्मा शोध तिथेच पुरा होतो, असे मी अनुभवाने सांगतो. त्यातली ‘सिग्नल’ची ओळ डीबीएम या सिग्नलची शक्ती सांगणाऱ्या एककात असते आणि आकडा ऋण असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत समाधानकारक, उणे ७५ च्या खाली गेला की वेगाची अपेक्षा सोडावी. दर ३ डेसिबलमागे शक्ती निम्मी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दहा-बारा अंकांचा फरक किती मोठा आहे हे कळते.

त्याखाली बिटरेटच्या दोन ओळी असतात, एक येणाऱ्या आणि एक जाणाऱ्या माहितीची. त्या वाचताना मागे मोठी फाइल उतरत असली पाहिजे, कारण लॅपटॉप शांत असताना तिथे शेवटच्या फुटकळ संदेशाचा दर, म्हणजे १ किंवा ६ मेगाबिट, दिसू शकतो आणि माणूस उगाच घाबरतो. काम चालू असताना ७२.२ दिसले, तर जोडणी ८०२.११एन या वायफाय पद्धतीची, एका अँटेनाच्या प्रवाहाची आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीची आहे. दोन प्रवाह असतील तर १४४.४ दिसतात. ८०२.११एसी पद्धतीत ८० मेगाहर्ट्झच्या रुंदीवर एका प्रवाहाला ४३३.३ आणि दोन प्रवाहांना ८६६.७ हे कमाल आकडे आहेत. प्रत्यक्ष हाती येणारा वेग यांच्या साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असतो, कारण वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते आणि प्रत्येक संदेशाची पोच द्यावी लागते.

आता समजा, राउटर अगदी शेजारी आहे, सिग्नल उणे ४५ आहे आणि तरीही आकडा ५४ च्या वर जात नाही. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ५४ मेगाबिट ही जुन्या ८०२.११जी पद्धतीची कमाल मर्यादा आहे, म्हणजे २००९ साली मंजूर झालेली ८०२.११एन आणि तिच्यानंतरच्या पद्धती कुणीतरी बंद ठेवल्या आहेत. याची दोन कारणे मुख्यतः आढळतात. एक राउटरमध्ये असते : सुरक्षेसाठी तिथे टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत निवडलेली असेल, तर ८०२.११एनच्या नियमानुसार वरचे वेग वापरताच येत नाहीत. सेटिंग डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ केली, की आकडा लगेच वर चढतो आणि सुरक्षाही सुधारते. दुसरे कारण लॅपटॉपमध्ये दडलेले असते. काही जुन्या इंटेल कार्डांवर ८०२.११एन चालू असताना जोडणी तुटत असे. त्यावर आयडब्ल्यूएलवायफाय या ड्रायव्हरला ‘११एन डिसेबल बरोबर १’ हा पर्याय देण्याचा तोडगा निघाला. जोडणी टिकली, पण वेग ५४ वर अडकला. तो तोडगा आजही एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो आणि ज्या कार्डांना त्याची गरज कधीच नव्हती, त्यांच्यावरही लादला जातो. त्याच पर्यायाला १ ऐवजी ८ दिले, तर अर्थ अगदी वेगळा होतो : पाठवायचे संदेश एकत्र बांधून नेण्याची सोय चालू होते आणि काही कार्डांवर वेग वाढतो. एका अंकाच्या फरकाने औषध उलटते, म्हणून इटीसी फोल्डरातल्या ‘मोडप्रोब डॉट डी’मध्ये पूर्वी कुणी काय लिहून ठेवले आहे, ते आधी वाचा आणि ज्या ओळीचे प्रयोजन सांगता येत नाही ती काढून, लॅपटॉप पुन्हा सुरू करून मोजा.

सिग्नल चांगला, पद्धतही नवी, तरी वेग खाली-वर होतो, अशा वेळी बँडकडे, म्हणजे वायफाय ज्या लहरींच्या पट्ट्यात चालते त्याकडे, वळावे. ‘आयडब्ल्यू’च्या उत्तरात ‘फ्रीक’ या शब्दापुढे २४१२ ते २४७२ मधला आकडा असेल, तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात. भारतात हा बँड २००५ साली परवानामुक्त झाला आणि आज नागपुरातल्या मनीषनगरच्या एखाद्या मोठ्या संकुलात उभे राहून ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ ही आज्ञा दिली, तर शेजाऱ्यांच्या नेटवर्कांनी पडदा भरून जातो. या बँडचे एकूण १३ चॅनेल, म्हणजे भाग, असले, तरी त्यांच्यातले अंतर प्रत्येकी ५ मेगाहर्ट्झचे आणि वापरली जाणारी रुंदी किमान २० मेगाहर्ट्झची असते; म्हणून १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर न चढणारे ठरतात. गर्दी टाळण्यासाठी ३ किंवा ४ निवडणे हा मोह आवरला पाहिजे. एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचे ऐकून आपापली पाळी धरतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरची यंत्रे परस्परांना केवळ गोंगाट वाटतात, आणि गोंगाटात संदेश वाया जातात.

राउटर ५ गिगाहर्ट्झचा असेल, तर तोच बँड वापरावा. भारताने २०१८ साली या बँडचा मोठा भाग परवानामुक्त केला आणि तेव्हापासून इथे चॅनेलांची टंचाई राहिलेली नाही. मात्र लॅपटॉपला आपण भारतात आहोत हे ठाऊक असले पाहिजे. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने देश ‘००’ दाखवला, तर तो साऱ्या जगासाठीचा सावध संच असतो. त्यात ५ गिगाहर्ट्झच्या चॅनेलांवर कार्ड आपणहून हाक देत नाही, नुसते ऐकत राहते, आणि नेटवर्क उशिरा किंवा कधीकधी दिसतच नाही. ‘आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ने हे बदलते. इंटेलची अनेक नवी कार्डे मात्र देश स्वतःच ठरवतात आणि ही आज्ञा मानत नाहीत.

नागपूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. एप्रिल उजाडला की खिडक्यांत पत्र्याचे कूलर बसतात, आणि धातूची चौकट, ओल्या वाळ्याच्या ताट्या व टाकीभर पाणी यांची एक भिंतच खोलीच्या एका बाजूला उभी राहते. धातू रेडिओ लहरी परतवतो, पाणी त्या शोषते. राउटर कूलरच्या मागच्या बाजूला किंवा त्याला खेटून असेल, तर हिवाळ्यात उत्तम चालणारी जोडणी उन्हाळ्यात बिघडते आणि दोष उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या नुकत्याच झालेल्या अपडेटवर जातो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींचे तसेच आहे. तिथे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा लवकर दुबळा होतो. राउटर चार फूट सरकवून सिग्नलचा आकडा पुन्हा वाचणे, ही विनाखर्चाची चाचणी ड्रायव्हरला हात लावण्याच्या आधी करावी. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ सालीच मांडले आहे. ब्लूटूथचे हेडफोनही त्याच बँडवर चालतात आणि लॅपटॉपमध्ये पुष्कळदा वायफायचीच अँटेना वापरतात. ही दोन्ही उपकरणे काढून एकदा मोजावे.

पिंगचा वेळ विनाकारण वर-खाली होतो, पण मोठे डाउनलोड सुरू केले की तो सुधारतो, असे विचित्र लक्षण दिसले तर वीजबचतीचा संशय घ्यावा. बचत चालू असताना कार्ड मधूनमधून झोपते. राउटर साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन नावाचा संदेश सोडतो आणि कुणासाठी काय राखून ठेवले आहे ते त्यात सांगतो. झोपलेले कार्ड तो ऐकण्यासाठी जागे होते आणि मग आपला माल मागते. म्हणून उत्तराला शंभरेक मिलिसेकंदांचा उशीर होतो. ‘आयडब्ल्यू’ला इंटरफेसचे नाव आणि ‘सेट पॉवर सेव्ह ऑफ’ असे सांगितले, की बचत तात्पुरती थांबते. फरक पडला तरच ती कायमची बंद करावी. उबुंटूमध्ये नेटवर्कमॅनेजरच्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरात यासाठी फाइल असते. तिथे ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’पुढे ३ लिहिलेले असते, ते २ करावे. चांगल्या ड्रायव्हरमध्ये बचत चालू असूनही त्रास होत नाही, तेव्हा सरसकट सर्वांनी ती बंद करावी असे मी म्हणणार नाही. बॅटरीवर काम करणाऱ्याला ती उपयोगी आहे.

यानंतर उरतात ड्रायव्हर आणि फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम. ‘एलएसपीसीआय उणे एनएनके’ ही आज्ञा कार्डाचे नाव, त्याचा ओळख क्रमांक आणि वापरात असलेला ड्रायव्हर सांगते. फर्मवेअर सापडले नाही किंवा सारखे कोसळते आहे, हे ‘डीमेसेज’च्या नोंदींत दिसते. डेबियन या लिनक्स वितरणप्रणालीने २०२३ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून असे मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घेतले, हा निर्णय सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने मला योग्य वाटतो. रियलटेकच्या आरटीएल८७२३बीई कार्डाची एक वेगळीच कहाणी आहे : काही लॅपटॉपांत एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या टोकावर ऐकत बसतो. राउटरजवळही सिग्नल उणे ८० दिसतो. ‘अँट सेल’ या पर्यायाला १ किंवा २ दिले, की सिग्नल एकदम सावरतो.

एवढे करूनही दोष राहिला, तर नव्या कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्याची, एखादी वितरणप्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. तिथे वेग ठीक असेल, तर कर्नल अद्ययावत करणे पुरेसे आहे. तिथेही नसेल, तर आपल्या वितरणप्रणालीकडे दोषाची नोंद करावी आणि तिच्यासोबत कर्नलची आवृत्ती, कार्डाचा ओळख क्रमांक, ‘लिंक’चे उत्तर आणि आयपर्फचे आकडे द्यावेत, ‘नेट हळू आहे’ एवढ्या वाक्यावर कोणताही विकासक काही करू शकत नाही.

कार्डच बदलायचे ठरले, तर सीताबर्डीच्या बाजारात जाण्यापूर्वी लॅपटॉपचा प्रोसेसर पाहून घ्या. इंटेलचे एएक्स२०१ हे कार्ड दिसायला एएक्स२०० सारखेच असले, तरी त्याचा निम्मा भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांच्या पोटात असतो, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपवर ते चालत नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० चालते. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी चालणारे सॉफ्टवेअर, मात्र ठरावीक कार्डांखेरीज दुसरे स्वीकारतच नाही. तिथे यूएसबीचा अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि तो घेताना खोक्यावरचा वेग न पाहता आतल्या चिपचे नाव विचारावे. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू सारख्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, आणि प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो नव्याने बांधत बसावे लागत नाही.