इनोयामांची जमाखर्चाची वही

हा सोरोबान, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायची जपानी चौकट. वर एक किंवा दोन मणी, खाली पाच. जपानमधल्या कानाझावा शहरातल्या हिशेबकचेरीत दिवसभर याचाच खडखडाट चाले, आणि मणी सरकवणारे हात सामुराईंचे असत.

ही कचेरी कागा संस्थानाची, आणि कागा माएदा घराण्याचं. उत्पन्न दहा लाख कोकूंच्या वर. एक कोकू म्हणजे साधारण 180 लिटर तांदूळ. एवढा पसारा नुसत्या वाडवडिलांच्या नावावर सांभाळता येत नाही. म्हणून या कचेरीत अक्षर आणि आकडेमोड पारखूनच माणूस घेत.

इनोयामा घराणं इथलंच. 1827 साली शोगुनची, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या सेनाधिपतीची मुलगी माएदांची सून झाली. तिच्यासाठी एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, उभारलेला लाल दरवाजा आजही टोकियो विद्यापीठात उभा आहे. त्या लग्नाचा हिशेब इनोयामा नोबुयुकींनी पाहिला. मान वाढला, पण एदोतल्या मुक्कामाने घर कर्जात रुतलं.

1842 मध्ये त्यांचा मुलगा नाओयुकी याने घरचीच वही मांडली. वर्षाची मिळकत 3,076 मोम्मे चांदी, कर्ज 6,260. एक मोम्मे म्हणजे 3.75 ग्रॅम, म्हणजे देणं झालं साडेतेवीस किलो चांदीचं. काही कर्जांचं व्याज वर्षाला 18 टक्के! एवढ्या व्याजापुढे नुसती काटकसर पुरत नाही, मुद्दलच कमी करावं लागतं. त्याने घरातली चहाची भांडी, कपडे, मौल्यवान वस्तू विकायला काढल्या. मग सावकारांशी बोलणी केली: चाळीस टक्के आत्ता रोख, बाकीचे दहा वर्षांत, बिनव्याजी.

खर्चाला कात्री लावणं त्याहून अवघड. सामुराईला नोकर हवाच, देवळाची दक्षिणा आणि नातलगांचे आहेरही चुकत नाहीत. यातलं काही तोडलं तर घराण्याची पतच जाते. त्यात सोनं, चांदी आणि तांब्याची नाणी वेगवेगळी. सरकारी दराने एक ऱ्यो या सोन्याच्या नाण्याला 60 मोम्मे चांदी, पण बाजारात हा दर हलता. कुठल्या दिवशी, कुठल्या भावाने, हे लिहिलं नाही तर ताळा बसत नाही.

घरात मुलाबाळाचा समारंभ आला. पानात ‘ताई’ नावाचा मासा वाढायचा रिवाज, आणि तो महाग. इनोयामांनी माशाचं चित्र काढून पुढे मांडलं.

वही 1879 पर्यंत चालली. सामुराईंचं राज्य गेलं, तलवारी गेल्या. नाओयुकीचा मुलगा नारियुकी तेव्हा नव्या सरकारच्या नौदलात हिशेब पाहत होता.