गाडीचं गाव कोणतं?

[धुळे. आग्रा रोडच्या आतल्या गल्लीतलं गॅरेज. सकाळ.]

बोनेट भिंतीला टेकवलंय. चाकं निघालीत, पुढचा भाग लाकडी ठोकळ्यांवर तोललाय. इंजिन उतरवून एका जुन्या टायरवर बसवलंय. राहिला तो नुसता पत्रा आणि चेसिस. एवढं सगळं सुटं झालं तरी गल्लीतून जाणारा शाळकरी पोरगा थांबतो आणि अहिराणीत म्हणतो, "जीप शे!"

गाडी १९९१ ची. पासिंग एमएच-१८. आरसी बुकात कंपनी महिंद्रा, इंधन डिझेल, रंग हिरवा. चेसिस नंबर आहे, इंजिन नंबर आहे, मालकाचं नाव आहे. देश असा रकाना त्यात नाही.

रकाना नाही म्हणून वाद. मिस्त्री म्हणतात, "ही अमेरिकन." गाडीचे मालक कापडण्याकडचे कापूसवाले शेतकरी आहेत. ते म्हणतात, "महिंद्राची आहे ना चाचा, मग आपलीच." आणि गॅरेजातला सतरा-अठरा वर्षांचा हेल्पर हात पुसत इंजिनाकडे बोट दाखवतो, "पण हे तर फ्रान्सचं आहे."

तिघांचंही बरोबर आहे. म्हणून आम्ही कॅमेरा इथेच लावला.

[मिस्त्रींचे हात. सिलिंडर ब्लॉक. बोअरमध्ये बोट फिरवताना.]

आधी हेल्परचं बघू. गॅरेजात या इंजिनाला 'पिजो' म्हणतात. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं हे डिझेल इंजिन, महिंद्राने परवाना घेऊन इथे बनवलेलं. नाव एक्सडीपी ४.९०. म्हणजे चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) नव्वद मिलिमीटर. सगळं मिळून २,११२ सीसी. मिस्त्रींना ही आकडेवारी कुणी शिकवलेली नाही. बोट आत घालून ते सांगतात की तिसऱ्या सिलिंडरला घास पडलीय, बोअर करावा लागेल. ब्लॉक लेथवर जाईल. पिस्टन-रिंगा नव्या. हेड घासून घ्यायचं. डिझेल पंप आणि नोझल वेगळ्या माणसाकडे, कारण पंपाचं काम येरागबाळ्याचं नाही. स्प्रिंगचे पाटे उतरवून लोहाराकडे, तो त्यांना पुन्हा बाक देणार. गिअरबॉक्स उघडलाय, पण त्याबद्दल मिस्त्री अजून काही बोलत नाहीत. हे चिन्ह चांगलं नसतं, असं हेल्पर हळूच सांगतो.

[गॅसची ज्योत. पत्रा कापला जातोय.]

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून जाळी झाला होता. तेवढाच चौकोन कापायचा, नवा पत्रा मापाने बसवायचा, आधी चार कोपऱ्यांना टाके, मग भरून वेल्डिंग. ग्राइंडर. रेड ऑक्साइड. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, त्यावर पॉलिश पेपर, पाणी मारत मारत. मडगार्ड मालेगावच्या भंगारातून आलंय. दुसऱ्या कुठल्या तरी जीपचं, निळं. ते बसवताना हातोडीचे फटके मोजून सतरा पडले. आम्ही मोजले, कारण प्रत्येक फटक्याला माइक हलत होता.

आता यातलं अमेरिकन काय उरलं? आकार उरला.

[बोनेटचा क्लोज-अप. जाळीच्या उभ्या फटी.]

पण त्या आकाराचा जनकही एक नाही. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना करून दिला तो पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने. काम मोठं म्हणून कंत्राट गेलं टोलेडोच्या विलिसकडे आणि मग फोर्डकडेही. पत्र्याला फटी पाडून केलेली ती ओळखीची जाळी फोर्डची कल्पना. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. नाव झालं विलिसचं, आणि ज्यांनी पहिला घाट घातला त्या बँटमला कुणी विचारलं नाही.

इकडे १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी उभी राहिली. नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार गुलाम मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये पाटीवरचं 'मोहम्मद' जाऊन तिथे दुसरं 'महिंद्रा' आलं. याच कंपनीने मुंबईत विलिसचे सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात केली. उंच बोनेटची सीजे-३बी जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद पडली. आपल्याकडे तिच्याच घाटाच्या जीपा त्यानंतर कित्येक वर्षं रस्त्यावर येत राहिल्या.

मूळ घरी ज्याची आठवणही उरली नाही ते दुसऱ्या घरी रोज वापरात असेल, तर ते कुणाचं म्हणायचं?

[सारंगखेडा. घोडेबाजार. धूळ, उन्हं तिरपी.]

हे चित्रीकरण डिसेंबरचं. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. इथे गाडीचं काय काम, असं वाटेल. पण जातीचा आणि मालकीचा हिशेब इथल्याइतका रोखठोक कुठे होत नाही.

[घोड्याचे कान. टोकं एकमेकांना टेकलेली.]

कानांची टोकं आत वळून भिडली की बाजार म्हणतो मारवाडी. मग तो पंजाबात जन्मलेला असो, शिरपूरच्या शेतकऱ्याच्या दावणीला वाढलेला असो. गिऱ्हाईक आधी कान बघतो, मग पाय, मग भोवरे. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, असेल तर भाव चढतो. आधीचा मालक कोण होता हे शेवटी विचारतात, तेही खोड समजावी म्हणून. विकल्यावर घोडा नंदुरबारला गेला काय नि अकलूजला गेला काय, त्याचं मारवाडीपण कुणी काढून घेत नाही.

घोड्याला हे सोपं आहे. रक्त बदलत नाही. गाडीचं इंजिन एका दुपारी बदलतं.

[रावेर. केळीच्या बागा. बांधावर उभी काळी लँड रोव्हर डिफेंडर.]

मालकीवाल्यांची बाजू ऐकायला रावेरला यावं लागतं. केळीचे व्यापारी आहेत. गाडीचा विषय काढला की छाती फुगते. म्हणतात, "लोक म्हणतात इंग्रजांची गाडी. अहो, टाटांनी विकत घेतलीय कंपनी!"

घेतलीय, खरंच. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून घेतल्या, २.३ अब्ज डॉलरला. तेव्हा इकडे पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पण ही समोरची डिफेंडर बनते कुठे? स्लोव्हाकियात, नित्रा नावाच्या शहरात. मालक मुंबईचा, वंश इंग्लंडचा, जन्म स्लोव्हाकियाचा आणि चाकाला चिखल रावेरचा.

त्या वंशाचीही एक गोष्ट आहे. युद्धानंतर रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर एक जुनी लष्करी जीप वापरायचे. ती मोडली तर दुसरी काय घ्यायची, या विचारातून लँड रोव्हर निघाली. पहिला नमुना तर जीपच्याच चेसिसवर बांधला होता. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. म्हणजे रावेरच्या बांधावरची ही काळी गाडी आणि धुळ्यात ठोकळ्यांवर बसलेली ती हिरवी, या चुलत बहिणी. एकीची किंमत सांगितली तर दुसरीच्या मालकाला हसू येईल. कोणत्या मालकाला, ते तुम्ही ठरवा.

[अमळनेर. जुना वाडा. लाकडी दिंडी. आत ताडपत्रीखाली गाडी.]

ताडपत्री दोघांनी मिळून ओढली. मागच्या सीटवर कोंबडी बसली होती, ती निवांतपणे उतरली.

अँबेसेडर. हिच्याइतकी 'सरकारी भारतीय' गाडी दुसरी झाली नाही. मंत्र्यांची, कलेक्टरांची, लाल दिव्याची. आणि घाट मॉरिस ऑक्सफर्डचा, तिसऱ्या मालिकेचा, इंग्लंडातून साच्यांसकट आणलेला. १९५७ पासून कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ती बनत राहिली. नव्वदीत तिला जपानच्या इसुझूचं इंजिनही मिळालं. २०१४ च्या मे महिन्यात कारखाना थांबला, कामगार घरी बसले.

[स्टिअरिंग. बोनेटवरचं नाव, धूळ पुसताना.]

नाव मात्र चालू राहिलं. २०१७ मध्ये 'अँबेसेडर' हे नाव विकलं गेलं, ८० कोटी रुपयांना. घेणारी कंपनी प्यूजो. तीच, जिचं इंजिन धुळ्यात टायरवर बसलंय. २०२१ मध्ये प्यूजोचा समूह आणि फियाट-क्रायस्लर एकत्र झाले. नव्या कंपनीचं नाव स्टेलांटिस, नोंदणी नेदरलँड्समध्ये.

इथे जरा हिशेब मांडू. मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनी मूळची फियाट. फियाट स्टेलांटिसकडे. जीप हे नाव विलिसकडून कैसर, अमेरिकन मोटर्स, क्रायस्लर असे हात बदलत स्टेलांटिसकडे. प्यूजो तिथेच. अँबेसेडरचं नाव तिथेच. कॉन्टेसा जिच्यावरून उतरवली ती इंग्लंडची व्हॉक्सहॉल, तीही तिथेच. मालकीच ओळख ठरवणार असेल, तर खानदेशातल्या गोठ्यांत, वाड्यांत, चिंचेखाली उभ्या असलेल्या निम्म्या जुन्या गाड्यांची मुळं आज डच आहेत. वाड्याच्या मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांनी येऊन हिची बॅटरी बदलावी."

[वाड्याबाहेर. शेजारी लावलेली पांढरी एमजी हेक्टर.]

ही त्यांच्या पुतण्याची. एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस, ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस यांच्या गॅरेजातून निघालेलं नाव. अँबेसेडरची आजी ज्यांची, त्यांचंच. फक्त आज नाव चीनच्या साइक कंपनीकडे आहे, गाडी गुजरातेत हालोलला बनते आणि भारतातल्या कंपनीत जिंदालांच्या जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे. काका-पुतण्याच्या गाड्या एकाच घराण्यातल्या निघाल्या, याचं दोघांनाही आश्चर्य वाटलं. पुतण्या म्हणाला, "जाहिरातीत इंग्लंडचा झेंडा दाखवतात, म्हणून घेतली होती."

[जळगाव. नेहरू चौकातली रहदारी. धावता शॉट.]

मारुतीचं तर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हातून पहिली किल्ली दिली गेली तेव्हा ती सरकारी कंपनी होती. २००२ मध्ये सुझुकीकडे बहुमत गेलं, २००७ पर्यंत सरकार पूर्ण बाहेर पडलं. या चौकात त्या दिवशीही तेवढीच गर्दी असणार आणि तेवढेच हॉर्न.

[पुन्हा धुळे. गॅरेज. संध्याकाळ. इंजिन साखळीवर वर चढतंय.]

वारशावरून खरंच भांडण झालं ते अमेरिकेत. महिंद्राने रॉक्सर नावाची छोटी ऑफ-रोड गाडी मिशिगनमध्ये जोडून विकायला काढली. घाट जुन्या जीपचा. २०१८ मध्ये फियाट-क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की आमचा चेहरा वापरलाय. महिंद्राचं म्हणणं, आम्ही चाळीसच्या दशकापासून परवान्याने हेच बनवतोय. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला, रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. बदललेल्या चेहऱ्याला त्याच वर्षाच्या शेवटी मोकळीक मिळाली.

मिस्त्रींना आम्ही हे सगळं सविस्तर सांगितलं. साखळी धरून ते ऐकत होते. मग म्हणाले, "थोडं डावीकडे घे." ते हेल्परला होतं.

[इंजिन बसतं. बोल्ट.]

[चांदसैली घाट. काळीपिवळी. टपावर माणसं, पोती, एक बकरी.]

तळोद्याहून धडगावकडे जाणारा हा घाट. होळीच्या आधीचे, आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस. हा शॉट हलतोय, कारण आम्हीही अशाच एका जीपच्या मागच्या फळीवर उभे होतो. बसायला जागा नव्हती.

[घाट. फक्त इंजिनचा आवाज. निवेदन नाही.]

[गॅरेज. शेवटचा दिवस. हिरवा रंग ओला.]

गिअरबॉक्सचं निभावलं. पहिल्या तीन सेल्फला काही नाही. चौथ्याला काळा धूर, मग पांढरा, मग धड. मालकांनी समोर नारळ फोडला. काचेवर वरच्या बाजूला पेंटरने 'एकविरा माता प्रसन्न' लिहिलं.

बोनेटच्या बाजूला कंपनीचं उठावाचं नाव आहे. पेंटरने विचारलं, यात पांढरा भरू का? मालक म्हणाले, राहू दे. मागच्या फळीवर लिही. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतली होती. गावात तिला पहिल्या दिवसापासून एकच नाव.

पेंटर अक्षरांचे पैसे लावतो. त्याने विचारलं, "'आबांची जीप' लिहू का 'आबानी जीप'?"

मालक क्षणभरही थांबले नाहीत. "आबानी. आखो काय!"

[ब्रश. 'आ'.]