लवाद नेमताना रोजनाम्याचं काय?

मित्रहो, गेटमीटिंगला एक वाक्य नेहमी कानावर येतं: ‘कोर्टात आयुष्य जाईल, त्यापेक्षा लवाद, म्हणजे वाद मिटवणारा पंच, नेमू.’ त्यात तथ्य आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम १०-अ आलं ते त्यासाठीच; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. मालक आणि युनियन लेखी करार करतात, लवाद दोघांच्या पसंतीचा असतो. पण निवाडा चुकला तर दाद कुठे मागायची, हे सही करताना कोणी विचारत नाही.

साधा लवाद कायदा इथे लागू नव्हता, तशी तरतूद १०-अ मध्येच होती. थेट सुप्रीम कोर्टात जावं, तर हिंद सायकल्सच्या खटल्यात १९६२ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी ती वाट बंद केली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली न्यायाधिकरणाच्या निर्णयावर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं, पण असा लवाद म्हणजे तसं न्यायाधिकरण नव्हे, असं त्यांनी ठरवलं. उरलं हायकोर्ट आणि अनुच्छेद २२६ खालचं रिट, म्हणजे बेकायदा निर्णय रद्द करून मागणारा अर्ज.

ही वाट किती मोलाची, ते बिहारच्या डालमियानगरला कळलं. तिथल्या रोहतास इंडस्ट्रीज या कंपनीतल्या १९५७ च्या संपाचा वाद लवादांकडे गेला. त्यांनी संप बेकायदा ठरवला आणि वर कामगारांनीच कंपनीला ८० हजार रुपये नुकसानभरपाई द्यावी, असा निवाडा दिला. पगार बुडालेल्या माणसांकडून भरपाई! पाटणा हायकोर्टाने ते रद्द केलं आणि सुप्रीम कोर्टाने १९७५ साली हायकोर्टाचं म्हणणं उचलून धरलं. बेकायदा संपाला कायद्यात शिक्षा सांगितली आहे, भरपाई नाही, मग लवाद ती आणणार कुठून? कायद्याच्या आधाराने बसलेल्या लवादाचा निवाडा रिटमध्ये तपासता येतो, हेही तिथे पक्कं झालं.

मग गुजरात स्टील ट्यूब्ज या कंपनीचा खटला. संपावरून कामगारांना सरसकट कमी केलं, आणि लवादाने ते योग्य ठरवलं. गुजरात हायकोर्टाने निवाडा फिरवला. सुप्रीम कोर्टात १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. कामगार परत कामावर, मागच्या पगाराच्या ७५ टक्क्यांसह. एकेका माणसाने काय केलं याचा पुरावा हवा, घाऊक दोष चालणार नाही, हा त्यातला मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. संपात सगळे सारखे दिसतात, पण घरी चूल विझते ती एकेकाची.

तरीही रिट म्हणजे अपील नव्हे, हे नीट समजून घ्या. साक्षीदार खरा की खोटा, हे हायकोर्ट पुन्हा तोलत बसत नाही. कायद्याची ढळढळीत चूक, अधिकाराबाहेरचा हुकूम, पुराव्याचा लवलेश नसलेला निष्कर्ष, एवढंच तिथे पाहतात. आणि तेही रेकॉर्डवरून.

म्हणून लवाद नेमतानाच करारात घाला: रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद, ठेवायचा, जबान्या लिहून घ्यायच्या, निवाड्याला कारणं द्यायची. माझ्याकडे एकदा अडीच पानांचा निवाडा आला होता. ‘दोन्ही बाजू ऐकल्या, मागणी फेटाळली,’ एवढंच त्याचं सार. युनियनचे कार्यकर्ते कळवळून सांगत होते, ‘साहेब, आमचे सात साक्षीदार झाले, सगळे खरं बोलले.’ मी फाइल तीनदा चाळली. त्या सातांपैकी एकाचीही जबानी कागदावर नव्हती.