सोवळं पाणी आणि मोठा रेडिएटर

फ्युएल सेलचं रसायन तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एकीकडून हायड्रोजन, दुसरीकडून हवा, मधे फक्त प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) जाऊ देणारा ओलसर पडदा. बाहेर वीज आणि पाणी. २०२२च्या ऑगस्टमध्ये केपीआयटी ही सॉफ्टवेअर कंपनी आणि आपल्या पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) यांनी पुण्यात हायड्रोजनची बस दाखवली. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "फुटणार नाही ना?" तापली तर काय, हे कुणीच विचारत नाही. माझं दुखणं तेच आहे.

कारण आम्ही तापलोय. १९८४चा मे, साताऱ्याचं लग्न, मामांची पद्मिनी गाडी, आत सात माणसं. (हसू नका, तेव्हा पद्मिनीत सातच बसायची, आठवा टपावर.) खंबाटकी घाटाच्या दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ. मामांनी खांद्यावरचा पंचा काढला, रेडिएटरच्या झाकणावर टाकला आणि झाकण फिरवलं. पुढची पाच मिनिटं मामा जे बोलले ते या व्यासपीठावरून सांगता येत नाही. हात वाचला, पंचा गेला. आता पाणी कुठलं? आत्याच्या पिशवीत लग्नघरी द्यायचा काशीचा गंगेचा गडू होता, सीलबंद. मामांनी सील फोडलं. गडूभर पाण्यानं रेडिएटरचा घसासुद्धा ओला झाला नाही, आणि आत्या वर्षभर मामांशी बोलली नाही. शेवटी खालच्या विहिरीचं पाणी भरून पोचलो. पुढं त्याच क्षारांनी रेडिएटर तुंबला. गॅरेजवाल्यानं तो साफ करायचे पैसे घेतले आणि पुन्हा नळाचंच पाणी भरून दिलं! तो राग माझा अजून...

चिठ्ठी आली. सहा मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

इंजिनात इंधनाची ढोबळ एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. फ्युएल सेल निम्मी ऊर्जा विजेत बदलतो, उरलेली निम्मी उष्णता. पण त्यातून बाहेर पडणारी हवा थंड, त्यामुळे जवळजवळ सगळी उष्णता कूलंटच्या, म्हणजे आत फिरून थंड करणाऱ्या पाण्याच्याच गळ्यात. त्यात इंजिनाचा कूलंट शंभर अंशांच्या आसपास चालतो, हा ६० ते ८० वर. त्याहून तापला तर पडदा सुकतो, आणि सुकलेल्या पडद्यातून प्रोटॉन धड जात नाहीत. बाहेर ४० अंश असताना इंजिनाला साठ अंशांचा फरक मिळतो, याला कसाबसा चाळीसचा. म्हणून थंड यंत्राला मोठा रेडिएटर. आणि घाटात? लोड पूर्ण, वेग बैलगाडीचा, समोरून वारा नाही. भरलेला ट्रक खंबाटकी चढवा, मग बोलू.

दुसरं, हे पाणी सोवळ्यातलं. ते वीज वाहणाऱ्या प्लेटांमधूनच फिरतं, आणि स्टॅकचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलांच्या थप्पीचा, विद्युतदाब शेकडो व्होल्ट. पाण्यात आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, आले की वीज पाण्यातून गळायला लागते. म्हणून आयन काढलेलं पाणी आणि ग्लायकॉल; वाहकता साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत. विहिरीचं पाणी शेकड्यांत जातं. बरं, एकदा भरून भागत नाही. रेडिएटरच्या धातूतूनच आयन सुटत राहतात, म्हणून वाटेत आयन पकडणाऱ्या रेझिनचा फिल्टर बसवतात आणि तो ठराविक काळानं बदलावा लागतो. नेहमीचा हिरवा कूलंट इथे चालत नाही, त्यातली गंज रोखणारी रसायनंच वीज वाहतात.

वेळ संपली म्हणतायत. मागून प्रश्न आहे... नाही आजोबा, घरच्या आरओचंही चालणार नाही.